सुंदराबाईचा पुठ्ठा

देवरावांनी दारात मांडव घातला नव्हता, एवढंच. बाकी सगळं लग्नघरासारखं चाललं होतं. अकोल्याच्या जिनिंगमधून त्यांनी दोन दिवसांची रजा काढली होती, भोंगेवाल्याला सांगून ठेवलं होतं, शेजारच्या चार घरांतून सतरंज्या मागवल्या होत्या. वैशाखी पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारापुढच्या पटांगणात त्यांच्या धाकट्या भावाचा सत्कार होता.

शेषरावानं नवा तारा शोधला होता. अमरावतीच्या पोस्टातला कारकून, बुधाजी कोतवालाचा मुलगा. त्यानं दोन वर्षं काच घासघासून आरसा केला, पन्हाळी करणाऱ्याकडून पत्र्याची नळी वळवून घेतली आणि त्या दुर्बिणीतून सप्तर्षींजवळच्या एका दीर्घिकेत आजवर कुणी न पाहिलेला तारा पाहिला, असं अकोल्याच्या एका साप्ताहिकात छापूनसुद्धा आलं होतं. छापवून आणणारे अर्थात देवरावच. संपादकाच्या खुर्चीशेजारी ते तीन दिवस बसून होते.

ती दुर्बीण आता बैठकीच्या कोपऱ्यात गोधडीत गुंडाळून ठेवली होती. बडनेऱ्याहून पॅसेंजरनं ती आणताना डब्यातल्या लोकांनी तीनदा विचारलं होतं, पेटी वाजवता का म्हणून. सकाळपासून येणारा जाणारा गोधडीला हात लावून पाहत होता. शेषराव तिच्याकडे पाठ करून बसला होता आणि त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात आठ दिवसांपासून एक पत्र होतं.

पोस्टात टपाल निवडताना त्याला स्वतःच्याच नावाचं पाकीट सापडलं होतं. वेधशाळेचं. चार ओळी होत्या, त्याही सभ्य. तुमची चिकाटी कौतुकास्पद आहे. मात्र ज्या नकाशाशी आपण ताडून पाहिलं तो डावा-उजवा उलटा धरला गेला असावा. सुलटा धरल्यास आपला नवा तारा तिथे पूर्वीपासूनच आहे. तो तारा त्या दीर्घिकेतला नसून आपल्याच आकाशगंगेतला, जवळचा, एक साधा तारा आहे. आपला स्नेहाकांक्षी.

आठ दिवसांत त्यानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. उलट सत्काराला पौर्णिमा धरा, असं देवरावांना त्यानंच सुचवलं होतं. का, तर चांदण्यात दीर्घिका दिसत नाही. लोकांनी तारा दाखवा म्हटलं तर आकाशाकडे बोट करून सुटता येईल. एवढा हिशेब त्यानं केला होता, आणि आता त्या हिशेबाचीच त्याला लाज वाटत होती.

"आयका सगयेजन," देवराव म्हणाले. त्यांच्या हातात भाषणाचा कागद होता. "शेवटी मी काय म्हननार हाये, ते आयका. 'या ताऱ्याले आमच्या बाचं नाव द्यावं, अशी या सभेची इच्छा हाये. बुधाजी तारा.' कसं वाटते?"

खाटेवर बसलेले बुधाजी हसले. दात नव्हते, त्यामुळे ते हसू जास्तच उघडं दिसलं. "माहं नाव? आकाशात?" ते म्हणाले. "अरे, गावात कोनी माहं नाव धड घेतलं नाई. ओय कोतवाल, एवढंच."

शेषरावाला ते हसू सहन झालं नाही. त्यानं खिशात हात घातला.

"दादा, भाषन नको करू. पत्र आलं हाये."

पत्र इंग्रजीत होतं. त्यानंच ते मराठीत सांगितलं, मान खाली घालून, एकेक ओळ. सांगून झाल्यावर त्यानं पत्राची घडी घातली. आतल्या चुलीपाशी त्याची बायको सुंदरा पोळ्या लाटत होती, तेवढा पोळपाटाचा आवाज येत राहिला.

"केव्हा आलं?" देवरावांनी विचारलं.

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस! अन् आता सांगतो? तिकडं लोक सतरंज्या टाकून राह्यले! पंजाबराव हेडमास्तर अध्यक्ष म्हनून येऊन राह्यले बाळापूरहून, त्यायले काय सांगू? आमच्या भावाले डावं-उजवं कयत नाई म्हनून?"

"दादा, चूक झाली."

"कशी झाली पन? नकाशा उलटा धरला म्हंजे काय? कोन्ता नकाशा?"

"पुठ्ठा. रात्री पुस्तक उघडून पाह्यता येत नाई, डोये दिपतात. म्हनून पुस्तकातले तारे पुठ्ठ्यावर सुईनं टोचून घेतले होते. मागं कंदील धरला का तेवढे तारे चमकतात."

"कोनं टोचले?"

"सुंदरानं."

हे खरंच होतं. इथवर शेषराव एक शब्दही खोटं बोलला नव्हता.

देवरावांनी श्वास सोडला. "हां. मंग असं सांग ना. तिनं उलटा टोचला."

आतला पोळपाट थांबला.

शेषरावानं दाराकडे पाहिलं. सुंदराच्या डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला होता, कारण बैठकीत तिचे भासरे बसले होते. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर ती लग्न झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षांत, एक शब्द बोललेली नव्हती. धर्म बदलला, देव गेले, पण ही रीत त्या घरातून गेली नव्हती. ती आत्ताही बोलणार नाही, हे शेषरावाला पक्कं ठाऊक होतं.

"तसंच झालं असन," तो म्हणाला.

पोळपाट पुन्हा सुरू झाला.

केशरबाई, देवरावांची बायको, उंबऱ्यात बसून कणकेचे गोळे करत होत्या. खरं सांगायचं तर हे ऐकून त्यांना आधी बरंच वाटलं. अमरावतीहून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडून त्यांनी ऐकलं होतं की, धाकटी नवऱ्याबरोबर गच्चीवर बसते, कंदील धरते, तारे पाहते. त्यांच्या नवऱ्यानं त्यांना घरातल्या रेडिओचं बटणसुद्धा कधी फिरवू दिलं नव्हतं. मनात साठलेलं ते तोंडातून निघून गेलं.

"जिले अक्षर वयखू येत नाई, तिच्या हाती कायले द्यायचं असं काम भाऊजी? घ्या आता."

बोलल्या आणि त्यांनी सुंदराकडे पाहिलं. सुंदरा पोळी लाटत होती. गोल होती पोळी, नेहमीसारखी. फक्त ती लाटायचं थांबत नव्हती. पोळी पातळ होत होत पोळपाटाबाहेर जायला लागली होती. केशरबाईंनी तिचा हात धरला.

"सुंदरे, फाटन ते."

पुरुष अंगणात गेल्यावर केशरबाईंनी दार लोटलं. "खरंच उलटा टोचला का वं?"

सुंदरानं पदर मागे घेतला. ती रडत नव्हती. "बाई, तुमी पोलक्यावर नक्षी उतरवता तवा काय करता? कागद टोचता, कापडावर ठेवता, अन् वरून निईच्या भुकटीची पुरचुंडी फिरवता. तसंच केलं म्या. पुस्तकावर पातय कागद ठेवून तारे घेतले, मंग पुठ्ठ्यावर टोचले. मोठा तारा दाभनानं, मधला गोधडीच्या सुईनं, बारीक तारा मन्यायच्या सुईनं. सत्तेचायीस तारे. अक्षर नाई येत मले, पन मोजता येते."

"मंग चुकलं कुठी?"

"सुई जिकून शिरते तिकून पुठ्ठा गुयगुयीत असते, अन् निंगते तिकून खरखरीत. खरखरीत बाजू दिव्याकडं ठेवा लागते. दरवेळी मीच हाती देत होतो. त्या रात्री यायनं घाईनं उचलला. म्या म्हनलं, आवो, पलटवा, खरखरीत बाजू तुमच्याकडं आली. तर म्हनले, चूप, हलू नको, कंदील हालते."

फाल्गुनातल्या त्या रात्री शेषरावाचा आवाज कापत होता हे तिला आठवलं. दुर्बिणीला डोळा लावून तो म्हणाला होता, सुंदरे, इथं एक तारा जास्त हाये, तुह्या पुठ्ठ्यात नाई! तिनंही पाहिलं होतं. पेळूतला कापूस विस्कटावा तसा तो दीर्घिकेचा डाग, आणि त्याच्या दोन्ही अंगांना जवळजवळ सारखेच तारे. जवळजवळच. एका अंगाला एक जास्त. तो पुठ्ठ्यात दुसऱ्या अंगाला होता आणि तिनंच तो मण्यांच्या सुईनं टोचला होता, पण नवऱ्याचा आनंद पाहून तिला वाटलं, आपण अडाणी, आपलंच काही चुकत असेल. तिला आत्ता राग आला होता तो त्या वाटण्याचा.

"अन् त्यायले हे ठाऊक हाये?"

"पत्र आल्यावर त्यायनं आठ दिवसात पुठ्ठा पलटवून पाह्यला नसन, असं वाटते का तुमाले?"

केशरबाईंनी हात धुतले. ते पदराला पुसत त्या उठल्या. "मी सांगतो यायले."

देवरावांना त्यांनी अंगणातच गाठलं. देवरावांनी सगळं ऐकून घेतलं, हे विशेष. नेहमी ते अर्ध्यावर तोडतात.

"समजलं," ते हळू आवाजात म्हणाले. "पन आता हेच सांगा लागन. सभेत बाईच्या हातून चूक झाली म्हनलं त लोक हासतीन अन् सोडून देतीन. शेषरावानं केली म्हनलं त काय होईन ठाऊक हाये? तो पेपरवाला, गावातले ते शानेसुर्ते, सगये म्हनतीन, पाहा, शिकले त शिकले, अन् हे दिवे लावले. एका मानसाची चूक नाई राहात आपल्यात. सगयाइची होते."

"अन् सुंदरा?"

"तिले कोन ओयखते?"

हे खिडकीजवळच्या खाटेवरून बुधाजींनी ऐकलं. त्यांना कमी ऐकू येतं असं घरात सगळे धरून चालत. ते तितकंसं खरं नव्हतं.

त्यांनी काठी घेतली आणि ते मागच्या अंगाला गेले. शेषराव तिथे निंबाच्या सावलीत उकिडवा बसला होता. बुधाजी त्याच्यासमोर उभे राहिले. बसले नाहीत.

"तू लहान होता," ते म्हणाले. "पाटलाच्या पोरानं गोठ्याचं दार उघडं टाकलं, बैल सुटला अन् कोनाची तरी जवारी खाल्ली. पंचायत बसली. पाटील म्हने, कोतवालानं राखन केली नाई. मी त्या रात्री बाळापूरले टपाल घेऊन गेलो होतो. पाटलाले ठाऊक होतं. त्यानंच धाडलं होतं मले."

"तुमी सांगतलं नाई?"

"कोनाले? मी बोलत नाई, हे त्याले ठाऊक होतं. म्हनून त माहं नाव घेतलं त्यानं. जो बोलन त्याचं नाव कोन घेते?"

शेषरावानं मान वर केली नाही.

"छप्पन साली दीक्षा घेतली अन् मी कोतवालकी सोडली. वाटलं, आता हे आपल्या घरातून गेलं," बुधाजी म्हणाले. "अन् आज पाह्यलं, माह्या पोरानं पाटलासारखं तोंड केलं. तसंच. जरासं दाराकडं पाह्यलं, अन् मंग बोलला. ते आकाशातलं नाव नाई भेटलं त काई नाई रे. मले त्याची आदतच नाई. पन हे पाहाले मी कायले जगलो?"

म्हातारा काठी टेकत निघून गेला. शेषराव तसाच बसून राहिला. त्याला शरम वाटत होती, पण शरम वाटणं म्हणजे काही करणं नव्हे, हेही त्याला कळत होतं. चूक झाली यात त्याला फारसं काही वाटलं नव्हतं. चुका मोठमोठ्यांच्याही होतात. पण दाराकडे टाकलेली ती एक नजर त्याला विसरता येत नव्हती. ती नजर बापानं पाहिली होती. सुंदरानंही पाहिली असणार. संध्याकाळी भोंग्यासमोर सगळं खरं सांगायचं, असं त्यानं ठरवलं आणि ठरवल्याबरोबर त्याला थोडं हलकं वाटलं. इतक्या लवकर हलकं वाटायला नको होतं, पण वाटलं.

दिवेलागणीला पटांगण भरलं. वंदना झाली. विहाराच्या भिंतीमागून चंद्र वर आला आणि बायकांच्या बाजूला पांढरी लुगडी उजळली. देवराव उठले. ठरल्याप्रमाणे बोलले. ताऱ्याच्या बाबतीत वेधशाळेचं थोडं वेगळं मत पडलं आहे. नकाशा उतरवताना घरातल्या बाईमाणसाच्या हातून नजरचूक झाली. तरी घरच्या घरी दुर्बीण बनवणारा आपला माणूस आहे, ही काय लहान गोष्ट झाली? लोक हसले. दुष्टपणानं नाही, आपल्या घरातल्यासारखे हसले. टाळ्या झाल्या. हार घातला गेला.

मग शेषराव उभा राहिला.

"मले एक सांगाचं हाये," तो म्हणाला आणि भोंगा शिट्टी मारल्यासारखा वाजला. भोंगेवाल्यानं काहीतरी फिरवलं. "दादानं सांगतलं ते खरं नाई. माह्या बायकोनं चूक केली नाई. तिनं पुठ्ठा बराबर टोचला. मी तो उलटा धरला. तिनं मले त्याच वेळी सांगतलं होतं, पलटवा म्हनून. मी आयकलं नाई. अन् आज दुपारी घरात मी तिच्यावर ढकललं. चूक माही हाये. हा हार माहा नाई."

त्यानं हार काढून टेबलावर ठेवला. देवराव खाली पाहत होते. शेषरावाला वाटलं, झालं. आता लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

अध्यक्ष पंजाबराव उठले. चांगला माणूस, चाळीस वर्षं मास्तरकी केलेली, डोळे लगेच भरून येणारे. त्यांनी टेबलावरचा हार उचलला.

"बंधू-भगिनींनो, याला म्हणतात मोठेपण," ते म्हणाले. "आपल्या पत्नीची चूक चारचौघांत स्वतःच्या शिरावर घेणारा नवरा मी आज पहिल्यांदा पाहिला. तारा सापडो न सापडो, असा माणूस आपल्याला सापडला!"

आणि त्यांनी तो हार पुन्हा शेषरावाच्या गळ्यात घातला.

टाळ्या आधीपेक्षा जोरात पडल्या. मागची माणसं उभी राहिली. "तसं नाई साहेब, मी खरंच..." शेषराव म्हणत होता, पण भोंगा आता पंजाबरावांच्या तोंडासमोर होता. ते म्हणत होते, सौ. सुंदराबाईंनी पुढे यावं, लाजू नये, चूक कुणाकडून होत नाही?

बायकांनी सुंदराला उठवलं. ती आली. पदर कपाळावर, नजर जमिनीवर. टेबलाशी देवराव उभे होते, त्यामुळे ती तोंड उघडणार नव्हतीच. "बाई, असा नवरा मिळायला भाग्य लागतं," पंजाबराव म्हणाले आणि त्यांनी तिला एक गुलाबाचं फूल दिलं. तिनं ते घेतलं, हात जोडले आणि ती परत बायकांत जाऊन बसली. केशरबाई तिच्याजवळ सरकल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. खुर्चीवर बसलेल्या बुधाजींनीही नाही.

घराकडे परतताना सगळे पुढे गेले. शेषराव मुद्दाम मागे राहिला आणि सुंदराच्या बरोबरीनं चालू लागला. हार त्यानं काढून हातात धरला होता. तो टाकावा कुठे, हे त्याला कळत नव्हतं.

"म्या खरं सांगतलं," तो म्हणाला. "तू आयकलं ना? सगयं सांगतलं."

"आयकलं."

"लोकायनं मानलं नाई, त्याले मी काय करू?"

पुढे देवरावांचा आवाज येत होता; सभा चांगली झाली, पंजाबराव खूश झाले, पेपरात पुन्हा छापून आणता येईल, असं ते बापाला सांगत होते.

"घरी जाऊन दादाले मी पुन्हा सांगतो," शेषराव म्हणाला. "तुह्यासमोर सांगतो. पेपरवाल्यालेही लिहून देतो."

"द्या ना. ते म्हनतीन, आनखी मोठं मन."

"मंग मी काय करू, सुंदरे? तूच सांग."

ती थांबली. भासरे बरेच पुढे गेले आहेत, हे तिनं पाहून घेतलं. मग डोक्यावरचा पदर मागे सारला आणि भर चांदण्यात नवऱ्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"दुपारी माह्यासमोर भासरे होते, म्हनून म्या तोंड उघडलं नाई," ती म्हणाली. "तुमच्यासमोर कोन होतं?"